मँगनीजच्या मुलखातली परिभाषा

नागपूरहून जबलपूरकडे जाताना रामटेकच्या फाट्यावर मनसर लागते. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट, छिंदवाडा जिल्ह्यांतले मँगनीज मुख्यतः ज्या थरांत सापडते, त्यांना भूशास्त्रात या गावावरून ‘मनसर फॉर्मेशन’ म्हणतात. सीतासावंगी, चोरबावली ही आसपासच्या थरांची नावेही इथल्याच गावांची. हे सारे थर मिळून ‘सौंसर गट’ होतो. एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजवर बृहद्ग्रंथ लिहिला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या इथल्या रूपांतरित खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. ज्या मुलखाने शास्त्राला इतकी नावे दिली, तिथल्या माणसांना खाणीची परिभाषा परकी राहू नये, अशी माझी तळमळ आहे.

दगड आणि धातुक

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि स्फटिकरचनेचा पदार्थ. ब्राउनाइट आणि पायरोल्युसाइट ही मँगनीजची खनिजे. खडक बहुधा अनेक खनिजांचा बनतो. ज्यातून धातू काढणे परवडते, ते धातुक. त्यासोबत येणारा निरुपयोगी भाग म्हणजे मलखनिज, आणि धातुकातले धातूचे शेकडा प्रमाण म्हणजे ग्रेड. बाजारभाव चढला की हलक्या ग्रेडचा, काल टाकून दिलेला दगडही धातुक ठरतो. म्हणून अहवालातले ‘रिसोर्स’ आणि ‘रिझर्व्ह’ वेगळे वाचावेत. जमिनीत असल्याचा शास्त्रीय अंदाज तो रिसोर्स. त्यातला आज फायद्याने काढता येईल तेवढाच भाग रिझर्व्ह.

खाणीत

भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग ही खुली खाण आहे. तिथल्या मँगनीज डायऑक्साइडला ड्राय बॅटरीच्या उद्योगात मागणी असते. खुल्या खाणीत धातुकावरची माती आणि खडक आधी हटवतात, तो ‘ओव्हरबर्डन’. पुढे पायऱ्या पाडत खाली उतरतात, त्या ‘बेंच’. थर ज्या कोनात खाली झुकतो, तो त्याचा ‘डिप’.

भूमिगत खाणीत उभ्या ‘शाफ्ट’मधून खाली जातात. तिथून आडवे बोगदे निघतात आणि धातुक काढण्याची जागा ‘स्टोप’ होते. तिरक्या थराच्या वरचा खडक ‘हँगिंग वॉल’, खालचा ‘फुट वॉल’. वरचा खडक कोसळू नये म्हणून रिकाम्या झालेल्या जागेत पाण्याबरोबर वाळू भरतात. या ‘सँड स्टोइंग’वर कामगारांचा जीव अवलंबून असतो.

भट्टीत

जगातले बहुतांश मँगनीज पोलादासाठी लागते. पोलादातले गंधक लोखंडाशी जुळले, तर तापलेले पोलाद ठोकताना तडकते. मँगनीज ते गंधक स्वतःकडे ओढून घेते. त्यासाठी धातुक कोकसह भट्टीत वितळवून ‘फेरोमँगनीज’ करतात. वर तरंगणारी मळी म्हणजे ‘स्लॅग’. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली सुमारे १२ टक्के मँगनीजचे पोलाद बनवले. आघात सोसताना ते अधिकच कठीण होते, म्हणून रेल्वेच्या क्रॉसिंगसाठी वापरले जाते.

गावात

मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, तर मज्जासंस्था बिघडते. कंपवातासारखी लक्षणे दिसतात. म्हणून ओव्हरबर्डनचे ढीग कुठे पडणार आणि धूळ कशी दाबणार, हे प्रश्न गावाने विचारायलाच हवेत. पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. २०१५पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणबाधितांसाठी निधी जमा होतो: जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या, म्हणजे काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या, ३० टक्के, लिलावातून दिलेल्यांकडून १० टक्के.

हा निधी मागायचा, तर रॉयल्टी म्हणजे काय ते ठाऊक हवे. सारांश पडताळायचा, तर रिझर्व्ह आणि ग्रेड समजायला हवेत. तुमसर, रामटेक, सावनेरच्या शाळांनी हे शब्द खाणीवर नेऊन, दगड हातात देऊन शिकवावेत. मग जनसुनावणीत या मुलखातली मुले पुढच्या रांगेत बसतील आणि नेमका प्रश्न विचारतील.