स्वप्नातल्या अकरा जणांत चेंडू हिसकावणार कोण?

करोनाच्या वर्षात, म्हणजे २०२० साली, ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकानं बॅलन डी’ओर पुरस्कार कुणालाच दिला नाही. त्याऐवजी डिसेंबरात त्यांनी फुटबॉलच्या सगळ्या इतिहासातून निवडलेला एक स्वप्नसंघ जाहीर केला. ११० खेळाडूंची यादी जागेनुसार वाटून दिली होती आणि मतं जगभरच्या पत्रकारांची होती. निवडलेली नावं वाचताना भान हरपावं अशीच. गोलमध्ये लेव्ह याशिन. मागे काफू, बेकेनबाउर, माल्दिनी. मधल्या फळीत मथायस आणि झावी, त्यांच्यापुढे मॅराडोना आणि पेले. आघाडीला उजवीकडे मेसी, मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आणि डावीकडे ख्रिस्तियानो रोनाल्डो.

मतांमध्ये यांच्या पाठोपाठ आलेल्यांचाही एक संघ तेव्हाच जाहीर झाला. बुफॉन; कार्लोस अल्बर्टो, बरेसी, रॉबर्टो कार्लोस; रायकार्ड, पिर्लो; डी स्टेफानो, झिदान; गारिंचा, क्रायफ, रोनाल्डिन्हो. चर्चा अर्थातच पहिल्या संघाची झाली. पण हे दोन संघ खरोखर एकमेकांसमोर उभे केले, तर माझ्या मते सामना दुसरा संघ जिंकेल. पहिल्या संघात गुणवत्ता अधिक आहे, हे मान्य करूनही मी हे म्हणतो आहे.

पहिल्या संघाची अडचण मतदानाच्या पद्धतीतूनच सुरू होते. उजवा बचावपटू एक, डावा एक आणि मधला फक्त एक, अशा जागा ठरल्या होत्या. त्यामुळे जगातल्या कुठल्याही संघात जे दोघं असतात, ते मधले बचावपटू इथे एकावर आले. तो एक बेकेनबाउर. त्याची खासियत अशी, की तो चेंडू घेऊन बचावातून उठायचा आणि मधल्या फळीत शिरून खेळ सुरू करायचा. बायर्न म्युनिकमध्ये आणि पश्चिम जर्मनीच्या संघात हे त्याला जमत असे, कारण मागे श्वार्झनबेक उभा असायचा. समोरच्या आघाडीवीराला अंगावर घेणं, हवेतले चेंडू परतवणं, बेकेनबाउर पुढे गेला की त्याची जागा धरणं, ही सगळी कामं त्याची. स्वप्नसंघाच्या यादीत श्वार्झनबेक येणं शक्यच नव्हतं. पण त्याच्याविना जो बेकेनबाउर उरतो, तो अर्धा.

पुढच्या फळीत तर पंगतीला सगळेच बसलेत आणि वाढायला कुणी नाही. मेसी आणि मॅराडोना दोघेही डावखुरे, दोघांनाही चेंडू हवा तो उजव्या बगलेतून आत येताना, गोलकडे तोंड करून, पायात. म्हणजे मैदानाच्या एकाच तुकड्यावर दोघांचा दावा. ख्रिस्तियानो डावीकडून आत घुसणार, पेलेही मध्येच. बगलेची रुंदी वापरायला उजवीकडे निदान काफू धावत येईल. डावीकडे माल्दिनी पुढे गेला तर मागे बेकेनबाउर एकटा पडेल. प्रतिस्पर्ध्याचा बचाव मध्ये गोळा होऊन उभा राहिला, की हे पाचही जण एकाच गर्दीत अडकणार. आणि चेंडू गेला, की तो परत मिळवण्यासाठी धावणार कोण? पेले धावेल, मथायस धावेल. झावी जागा अचूक धरेल, पण बार्सिलोनात त्याच्या पाठीशी बुस्केट्स होता.

मॅराडोना आणि मेसी ज्या संघांतून विश्वविजेते झाले, ते संघ आठवून पाहा. १९८६ साली अर्जेंटिनाचे प्रशिक्षक बिलार्डो यांनी तीन बचावपटू आणि भरगच्च मधली फळी ठेवली. बतिस्ता, जुस्ती, एन्रिके ही मंडळी चेंडू मिळवायची आणि मॅराडोनाकडे द्यायची. परत येऊन बचाव करण्याच्या ओझ्यातून त्याला मोकळं ठेवलं होतं. २०२२ मध्ये स्कालोनींनी मेसीसाठी तेच केलं. डी पॉल, एन्झो फर्नांडेझ आणि मॅक अॅलिस्टर त्याच्या वाटचंही धावत होते. असा खेळाडू संघात एक असला तर बाकीच्या दहांना तो पेलता येतो. चौघं असले तर उरलेल्यांनी किती धावायचं?

या संघाचा प्रशिक्षक असतो, तर मी खेळाडूंबरोबर त्यांचं वर्षही निवडलं असतं. अशा खेळात लोक हा मुद्दा सोडून देतात, आणि सगळी मजा तर त्यातच आहे. ख्रिस्तियानो म्हणजे कुठला ख्रिस्तियानो? २०१७ चा घेतला, तर तो गोलसमोर उभा राहून गोल करणारा आघाडीवीर आहे आणि ब्राझीलच्या रोनाल्डोच्याच जागेवर येतो. २००८ चा, मँचेस्टर युनायटेडचा घेतला, तर बगलेवरून पळणारा, बचावपटूला रेषेपर्यंत ओढत नेणारा विंगर मिळतो आणि डावी बाजू जिवंत होते. माल्दिनी मी १९९४ चा घेईन. त्या वर्षी अथेन्सला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बरेसी आणि कोस्टाकुर्टा दोघांवरही बंदी होती, म्हणून डावा बचावपटू माल्दिनी मध्ये खेळला आणि मिलाननं बार्सिलोनाला ४-० नं हरवलं. बेकेनबाउरला हवा असलेला जोडीदार त्याच माल्दिनीत आहे. मथायस १९९० चा, आणि रोनाल्डो गुडघ्याच्या दुखापतींआधीचा, बार्सिलोनातला. इतकं केलं तरी मॅराडोना आणि मेसी यांचा तिढा सुटत नाही. दोघांपैकी एकाला बाकावर बसवून तिथे चेंडू हिसकावणारा माणूस आणला तरच तो सुटेल. पण मतदारांच्या संघात बदल करायची मुभा या सामन्यात नाही.

मोठी नावं एकत्र आणून पाहण्याचे प्रयोग प्रत्यक्षातही झाले आहेत. २३ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त वेम्ब्लीवर इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. जगाच्या संघात याशिन, मासोपुस्त, कोपा, डेनिस लॉ, डी स्टेफानो, युसेबिओ आणि हेन्तो. बदली खेळाडू म्हणून पुश्काश आला. इंग्लंड २-१ नं जिंकलं. प्रदर्शनी सामना होता, त्यावरून फार ताणू नये. पण २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदनं जे केलं, ते प्रदर्शन नव्हतं. बेकहॅमला आणलं आणि झिदान, फिगो, रोनाल्डो यांच्या मागे चेंडू गोळा करणाऱ्या मॅकेलेलेला चेल्सीला विकलं. त्या मोसमात माद्रिद स्पॅनिश लीगमध्ये चौथं आलं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७० चा ब्राझील. पेले, टोस्टाओ, जेर्सन, रिव्हेलिनो, जैरझिन्हो, हे पाचही जण आपापल्या क्लबमध्ये सगळा खेळ ज्यांच्याभोवती फिरायचा असे. विश्वचषकाला काही महिने उरले असताना प्रशिक्षक म्हणून आलेल्या झागालो यांनी पाचांनाही खेळवलं, आणि प्रत्येकाला वेगळी जागा नेमून दिली. पाचही जागा सांभाळल्या जाव्यात म्हणून पियाझा हा मधल्या फळीचा खेळाडू बचावात मागे गेला, डावीकडचा एव्हेराल्डो सहसा पुढे जात नसे, आणि क्लोदोआल्डो सगळ्यांच्या मागे राखण करत राहिला.

इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातला ८६ व्या मिनिटाचा गोल लोकांना आठवतो तो कार्लोस अल्बर्टोच्या फटक्यासाठी. तो गोल सुरुवातीपासून बघा. ब्राझीलच्या डाव्या बाजूला, पार आपल्या अर्ध्यात, चेंडू हिसकावतो टोस्टाओ. ब्राझीलचा सर्वांत पुढचा आघाडीवीर त्या क्षणी बचावपटूच्या जागी आहे. मग क्लोदोआल्डो चार इटालियनांना एकामागून एक चकवतो. रिव्हेलिनोकडून चेंडू जैरझिन्होकडे जातो, आणि उजव्या बगलेचा जैरझिन्हो डावीकडे आलेला असतो. त्याच्यावर नेमलेला फाकेत्ती त्याच्या मागे मागे आलाय, त्यामुळे मैदानाची ती संपूर्ण उजवी पट्टी रिकामी आहे. जैरझिन्हो आत पेलेकडे देतो. पेले थांबतो, वळूनही न बघता चेंडू उजवीकडे हलकेच सरकवतो आणि मागून धावत आलेला कर्णधार तो गोलमध्ये मारतो. ४-१. या गोलात फटका मारण्याआधी तिघांनी आपली नेहमीची जागा सोडली होती.

दुसऱ्या संघाकडे वळल्यावर मला हाच ब्राझील आठवतो. कार्लोस अल्बर्टो स्वतः तिथे आहे, इतकंच त्याचं कारण नाही. हे खेळाडू एकमेकांसाठी जागा सोडू शकतात. इथेही मधला बचावपटू एकच, बरेसी. पण रायकार्ड १९८८ च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्सकडून मधला बचावपटू म्हणूनच खेळला होता आणि मिलानमध्ये बरेसीबरोबर रोज घाम गाळत होता. तो एक पाऊल मागे आला, की चौघांचा बचाव तयार. १९८९ साली प्रशिक्षक साक्कींच्या ज्या मिलाननं रेआल माद्रिदचा ५-० असा फडशा पाडला, त्यात हे दोघे होते. बचाव आणि आघाडी यांच्यातलं अंतर पंचवीसेक मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. पिर्लो खेळ वाटणार. त्याच्या शेजारी डी स्टेफानो, जो आपल्या गोलसमोर चेंडू अडवून दुसऱ्या टोकाला गोल करायला पोचणारा माणूस होता. १९६० च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात माद्रिदनं फ्रँकफर्टवर ७-३ असा विजय मिळवला तेव्हा त्यानं तीन गोल केले. गारिंचा उजव्या रेषेला चिकटून राहणार, म्हणजे माल्दिनीला मध्ये सरकता येणार नाही. डावीकडून रोनाल्डिन्हो आत आला, की रिकाम्या पट्टीत रॉबर्टो कार्लोस सुसाट.

सामना ठरेल तो क्रायफपाशी. ७ जुलै १९७४ रोजी म्युनिकमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला सुरुवात झाली, ती डच पासेसनी. आघाडीवीर क्रायफ चेंडू घ्यायला इतका मागे आला, की गोलरक्षक सोडल्यास डचांचा सर्वांत मागचा माणूस तोच होता. तिथून तो निघाला, फोग्ट्सला मागे टाकून पेनल्टी क्षेत्रात शिरला, तिथे हेनेसनं त्याला पाडलं आणि नीस्केन्सनं पेनल्टीवर गोल केला. तोवर एकाही जर्मनाचा पाय चेंडूला लागला नव्हता. जर्मनीचा कर्णधार बेकेनबाउर समोर उभा होता. क्रायफच्या मागे जावं तर आपली जागा उघडी पडते, न जावं तर तो मोकळा सुटतो. पुढे फोग्ट्सनं क्रायफला सावलीसारखा धरला आणि जर्मनी २-१ नं जिंकली. आपल्या पहिल्या संघात फोग्ट्स नाही. हे काम करू शकेल असा एकच, मथायस. १९८६ च्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक बेकेनबाउरनी त्यालाच मॅराडोनावर सोडलं होतं. तो क्रायफच्या मागे गेला, तर पिर्लो मोकळा. पिर्लोवर गेला, तर क्रायफ मोकळा. डी स्टेफानो तर दोन्ही वेळा मोकळाच.

दुसरा संघ निर्दोष नाही. दोन्ही कडेचे बचावपटू चढाईत रमणारे. २००६ च्या विश्वचषकात झिदानच्या फ्री किकवर ऑन्री मागच्या खांबापाशी मोकळा सुटला होता, तो रॉबर्टो कार्लोसच्या ताब्यातला. तीच मोकळी जागा आता मेसीला मिळेल. पिर्लोला डांबून ठेवता येतं, हे २०१० साली मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसननी पार्क जी-सुंगला त्याच्यावर सोडून दाखवलं होतं. बरेसीची ऑफसाइडची चालही आज तितकी सोपी नाही. १९९० च्या नियमबदलानंतर बचावाच्या रेषेत असलेला आघाडीवीर ऑनसाइड ठरतो, आणि रोनाल्डोसारख्या वेगाच्या माणसाला तेवढं पुरतं. पहिला संघ गोल करणार, नक्की करणार.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पेले आणि गारिंचा दोघंही मैदानावर असताना ब्राझील एकदाही हरलं नाही, आणि या मतदानानं त्यांना परस्परांविरुद्ध उभं केलं.

माझा निकाल: दुसरा संघ ४, पहिला ३. कोल्हापूरच्या पेठांत किंवा मडगावात हा वाद घालणाऱ्यांना निकाल पटणार नाही, आणि त्यांनी तो जरूर खोडून काढावा. फक्त आपला संघ मांडताना दहा नंबरच्या आधी चेंडू हिसकावणाऱ्या सहा नंबरचं नाव लिहा, आणि प्रत्येक नावापुढे वर्ष घाला.