कार्डावरचा ‘ओ’

गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात रक्तगट तपासणीची रांग लागते, तेव्हा काम मिनिटभराचं असतं. बोटाला टोचायचं, काचपट्टीवर थेंब घ्यायचे, एका थेंबात निळं द्रावण, दुसऱ्यात पिवळं. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ‘ए’, पिवळ्यात झाल्या तर ‘बी’, दोन्हींत झाल्या तर ‘एबी’. कुठेच काही झालं नाही की ‘ओ’. मग तो ‘ओ’ ओळखपत्रावर चढतो, लायसन्सवर छापला जातो आणि आयुष्यभर कुणी त्याच्याकडे पुन्हा वळून बघत नाही.

ही तपासणी चूक नाही, पण अर्धी आहे. मुंबई परिसरात साधारण 7,600 माणसांमागे एकाला ही अर्धी तपासणी जिवावर बेतू शकते, असं 1974 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसलं. त्यांचा गट ‘बॉम्बे’. शहराचं नाव बदललं, रक्ताचं बदललं नाही.

गोष्ट परळची आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर असे रुग्ण आले, ज्यांना कुठलंच रक्त जुळेना. एक रेल्वे अपघातातला जखमी, दुसरा भोसकला गेलेला. तपासणीत दोघांच्या पेशी ‘ओ’सारख्या वागत, पण त्यांचं सीरम ‘ओ’च्या पेशींनाही गुठळ्या करून टाकी. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह याचा छडा लावला आणि मे 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन पानांचा लेख आला. त्याच्या शीर्षकात ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत होता. शास्त्रज्ञांचा तो सावधपणा आज वाचताना गमतीचा वाटतो, कारण गट खरोखरच नवा होता.

नेमकं होतं काय? लाल पेशींवर साखरेच्या रेणूंची बारीक बांधणी असते. ‘एच’ हे त्यातलं जोतं. त्यावर ‘ए’ची किंवा ‘बी’ची भिंत उभी राहते. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे भिंत नसते, नुसतं जोतं असतं, म्हणून ‘एच’ सर्वांत जास्त त्याच्याच पेशींवर सापडतो. बॉम्बे गटात जोतंच नाही. जोतं रचणारं जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेलं आलं, तर आईबापांकडून ‘ए’ किंवा ‘बी’ वारशाने येऊनही ते दिसत नाही. त्यामुळे ‘एबी’ बापाचं मूल कागदावर ‘ओ’ निघू शकतं. एरवी हे घडत नाही, हे ज्यांना माहीत असतं ते लगेच बाईकडे संशयाने बघतात. अर्ध्या विद्येचा फटका कुणाला बसतो, हे सांगायला नको.

प्रकृतीला यात काहीच त्रास नाही. हा आजार नव्हेच. माणूस धडधाकट असतो, फक्त त्याच्या प्रतिकारशक्तीला ‘एच’ परका वाटतो आणि ती त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतर लवकरच तयार करते. धोका सुरू होतो तो रक्त चढवताना. ‘ओ’ म्हणून पिशवी लावली की ही प्रतिपिंडं आलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडतात. पाठीत कळ, थंडी वाजून ताप, लघवी लाल आणि पुढे मूत्रपिंडं निकामी. म्हणजे सगळ्यांना चालणारा म्हणून ज्याची ख्याती, तो ‘ओ’ इथे सर्वांत वाईट.

पकडणं अवघड नाही. रुग्णाचं सीरम गट माहीत असलेल्या पेशींबरोबर तपासायचं, याला रक्तपेढीत रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. त्यात ‘ए’ आणि ‘बी’ पेशींबरोबर ‘ओ’ पेशीही घ्यायच्या. साध्या ‘ओ’ माणसाच्या सीरममध्ये ‘ओ’ पेशी शांत बसतात, बॉम्बेमध्ये गुठळ्या होतात. दुजोऱ्यासाठी पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांतलं लेक्टिन वापरतात, ते ‘एच’ला धरतं. नीलगिरीच्या उतारांवर हेच झुडूप उपद्रवी तण म्हणून माजलं आहे.

मांडवातल्या काचपट्टीवर हे सगळं होत नाही. रक्तपेढीत क्रॉसमॅचला मात्र एकामागून एक ‘ओ’ पिशव्या जुळेनाशा होतात आणि तेव्हा घड्याळ रात्रीचे दोन दाखवत असतं, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसतो. तिथून नातेवाइकांची फोनाफोनी सुरू होते.

खरी उणीव इथे आहे. पिशवीतल्या लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात. ग्लिसरॉल घालून गोठवल्या तर दहा वर्षं टिकतात, पण त्यासाठी खास फ्रीजर लागतो आणि वितळवून धुण्याची सोय लागते, ती मोजक्या ठिकाणीच आहे. म्हणून प्रत्यक्षात आधार असतो तो दात्यांच्या फोन नंबरांच्या यादीचा. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येतं. त्यामुळे बॉम्बे गटाच्या माणसाने पंधरा ऑगस्टच्या शिबिरात उत्साहाने रक्त दिलं, तर ते पुण्य नव्हे, नुकसान ठरू शकतं. पिशवी ‘ओ’ म्हणून कुठेतरी जाते किंवा मुदत संपून फुकट जाते आणि दाता तीन महिने कामाचा राहत नाही. त्याने थांबावं आणि बोलावल्यावर यावं, हेच बरं. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचं स्वतःचं रक्त आधी काढून ठेवता येतं, पण त्यासाठी गट आधी कळायला हवा.

एवढं करून ही यादी कधीकधी सीमाही ओलांडते. 2017 साली म्यानमारमधल्या एका स्त्रीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी कर्नाटकातून बॉम्बे गटाच्या दोन पिशव्या यांगूनला गेल्या. तिच्या देशात दाता मिळाला नव्हता.

आपल्याकडे मात्र शोध घरापासूनच सुरू व्हायला हवा. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारात एक. मुंबईत केईएमच्याच आवारात आयसीएमआरची रक्तगटांवर काम करणारी संस्था आहे, शंकास्पद नमुने तिथे तपासता येतात. भावंडांच्या कार्डावर आधीच ‘ओ’ लिहिलेलं असतं, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही.