नाव शंभराचं, भोकं 219!

लांबून पाहिलं तर वाटतं, टेकडी कसली, हे तर मधमाश्यांचं पोळं! एका ओळीवर दुसरी ओळ, आणि ओळीत काळी काळी भोकं. जपानमध्ये टोकियोजवळच्या साइतामा प्रांतात योशिमी नावाचं गाव आहे, तिथली ही टेकडी. नाव ‘ह्याकुआना’. ह्याकु म्हणजे शंभर, आना म्हणजे भोक. प्रत्यक्षात आज तिथे 219 भोकं दिसतात. नाव ठेवणारा मोजायला कंटाळला असणार!

टोकियोत राहणारा माझा भाचा आणि मी, दोघं कॅमेरे घेऊन निघालो. इकेबुकुरोहून रेल्वेने तासाभरात हिगाशी-मात्सुयामा, तिथून पुढे योशिमी. पहिल्याच भोकात वाकून शिरलो. आत छोटीशी खोली आणि कडेला दगडी ओटा. भाचा म्हणाला, “मामा, बेड!”

त्याला हसू नका. 1887 साली हीच भोकं खणून काढणाऱ्या त्सुबोई शोगोरो या चोवीस वर्षांच्या संशोधकालाही तसंच वाटलं होतं. दारं एवढीशी, खोल्या एवढ्याशा, म्हणजे राहणारे बुटकेच असणार! जपानच्या उत्तरेला ऐनू लोक राहतात. त्यांच्या गोष्टींत कोरोपोक्कुरु नावाची माणसं येतात. ती इतकी छोटी, की आपल्या अळूसारख्या मोठ्या पानाखाली सहज मावतात. ही त्यांचीच घरं, असं त्सुबोईंनी ठरवून टाकलं. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातही खोल्यांत दगडी ओटे आहेत आणि तिथे बौद्ध भिक्षू खरोखरच झोपत. त्यामुळे मला तरी त्सुबोईंची चूक अगदी समजण्यासारखी वाटते.

पण ही घरं नव्हती. या होत्या कबरी! सहाव्या शतकाच्या शेवटापासून सातव्या शतकाच्या शेवटापर्यंत लोकांनी त्या कोरल्या. आपल्याकडे दुसरा पुलकेशी राज्य करत होता, तो याच काळात. खडक मऊ, ज्वालामुखीची राख आणि वाळू मिळून झालेला, त्यामुळे तो कोरणं सोपं. ओट्यावर मृतदेह ठेवायचा, सोबत मणी आणि मातीची भांडी, आणि दाराला दगडी फरशी लावायची. घरातलं आणखी कुणी गेलं की फरशी सरकवून त्यालाही तिथेच ठेवायचं.

टेकडीच्या पायथ्याशी मात्र मोठमोठे बोगदे आहेत. ते दुसऱ्या महायुद्धातले. विमानांचा कारखाना बॉम्बपासून लपवायला 1944-45 मध्ये ते खणले आणि त्या खोदकामात कित्येक जुनी भोकं नष्ट झाली.

आता खरी गंमत ऐका. एका भोकाला जाळी लावलेली आहे. आत डोकावलो तर जमिनीवर हिरवा उजेड, पाचूचा चुरा सांडावा तसा! हे चमकतं शेवाळ. एरवी ते थंड डोंगराळ भागात वाढतं, इथल्या सपाट मुलखात ते फार दुर्मीळ. म्हणून 1928 पासून सरकारने त्याला संरक्षण दिलंय. फोटोसाठी मी आणखी पुढे वाकलो आणि उजेड गायब! बाजूला झालो, तर पुन्हा हजर. माझ्याच डोक्याने दार अडलं होतं.

कारण या शेवाळाला स्वतःचा उजेडच नाही. त्याच्या पेशी गोल भिंगासारख्या असतात. बाहेरून येणारा अंधुक प्रकाश त्या आतल्या हरितकणांवर गोळा करतात. त्यातून अन्न तयार होतं आणि न वापरलेला हिरवट प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. म्हणून उजेड आपल्या पाठीमागून येत असेल तरच शेवाळ चमकताना दिसतं. भाच्याचा फोटो छान आला. माझ्या फोटोत नुसता काळोख!

अंधारात मांजराचे डोळे चमकतात, तेही आत शिरलेला प्रकाश परत फिरल्यामुळे. रात्री दूर बसलेलं मांजर दिसलं, तर टॉर्च आपल्या कानाजवळ धरून क्षणभरच उजेड पाडा. मग हात लांब करून पुन्हा पाहा. काय फरक दिसला, ते आम्हाला नक्की कळवा.