पावसाच्या पाण्याची पट्टी

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या गावात वहाळाच्या तोंडाशी जाऊन पाणी बघावं. आभाळातून स्वच्छ पडलेलं पाणी समुद्रात शिरताना काळपट झालेलं असतं. आठ महिने रस्त्यावर साठलेली धूळ, गाड्यांचं गळलेलं तेल, प्लास्टिकच्या पिशव्या, मासळीबाजारातली घाण, भरून वाहणाऱ्या शौचालयाच्या टाक्यांचं पाणी, हे सगळं पहिल्या दोन-तीन सरींत धुऊन निघतं. पुढे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं, की गटाराचं तोंड समुद्राच्या पाण्याने बंद होतं. मग तेच घाण पाणी मागे फिरून सखल वाड्यांत आणि विहिरींच्या आसपास तुंबतं. पर्यटक ज्या वाळूत बसतो आणि कोळी जिथे होडी ओढतो, त्या वाळूलाही ही घाण लागते.

आता प्रश्न असा, की हे आवरण्याचा खर्च कोणी करायचा आणि कोणत्या हिशेबाने?

गटार बांधायला सरकारी अनुदान मिळतं. बांधलेलं गटार दरवर्षी वैशाखात उपसायला, त्याच्या तोंडाला जाळी बसवायला, ती जाळी भर पावसात साफ करायला आणि शौचालयाच्या टाक्या वेळेवर उपसायला अनुदान सहसा मिळत नाही. हा दरवर्षीचा खर्च आहे आणि त्याला दरवर्षीचंच उत्पन्न लागतं. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. त्यानंतर त्यांच्या हातात हक्काचं मोठं उत्पन्न म्हणजे घरपट्टी.

अनुदानाची वाट बघत बसलं तर काय होतं, ते मुंबईने अनुभवलं आहे. १९८५ च्या पुरानंतर तिथे पर्जन्य जलवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. पैशांअभावी त्यातलं बरंचसं काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि मग केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले. मुंबईला मिळालं, ते श्रीवर्धनला मिळेलच असं नाही.

घरपट्टीचा हिशेब कसा होतो, तेही समजून घेऊ. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. त्याप्रमाणे मालमत्तेला वर्षाकाठी किती भाडं येऊ शकेल ते ठरवतात, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात, आणि उरतं ते करयोग्य मूल्य. आता भांडवली मूल्यावर आकारणी करायचाही पर्याय आहे. बिलात दिसणारे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे. नगरपरिषद ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. याशिवाय नगरपरिषदेला जे ऐच्छिक कर बसवता येतात, त्यांत जलनिःसारण कराचाही समावेश आहे. म्हणजे दार कायद्याने उघडं ठेवलेलं आहे.

अडचण मापाची आहे. भाडेमूल्यावरून घराची किंमत कळते, त्या जागेतून किती पाणी रस्त्यावर येतं ते कळत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा, दहा-दहा गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण हजार चौरस मीटरच्या दोन जागा शेजारी शेजारी आहेत. एकीत दीडशे चौरस मीटरचं जुनं घर आणि बाकी नारळी-पोफळीचं आगर. दुसरीत चारशे मीटरचं लॉज आणि गाड्यांसाठी चारशे मीटर पेव्हर ब्लॉक. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की पहिल्या जागेच्या कठीण भागावरून पंधरा हजार लिटर पाणी वाहतं, दुसरीवरून ऐंशी हजार. आगरातली वाळूमिश्रित जमीन आपल्या वाटणीचं बरंचसं पाणी पिऊन टाकते. ऐन श्रावणात तीही भरते, हे खरं. पण सगळ्यांत घाण असतं ते सुरुवातीचं पाणी, आणि त्या वेळी तिची तहान मोठी असते.

म्हणून पाण्याची पट्टी कठीण जागेवर मोजावी, असं जगात अनेक ठिकाणी ठरलं. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्येच पावसाच्या पाण्याची वेगळी व्यवस्था आणि वेगळी आकारणी सुरू केली. जर्मनीतल्या अनेक शहरांत सांडपाण्याचा आकार वेगळा आणि पावसाच्या पाण्याचा वेगळा असतो. दुसरा आकार छप्पर आणि फरसबंदीच्या चौरस मीटरवर लावतात. लॉस एंजेलिस परगण्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी असाच कर स्वतःवर लावून घेतला. दर होता, पाणी न जिरणाऱ्या प्रत्येक चौरस फुटाला अडीच सेंट. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठ घरमालकांना त्यातून सूट आहे, आणि पैशाची वाटणी आधीच लिहून ठेवलेली आहे. माझ्या मते लोकांनी होकार दिला तो या शेवटच्या गोष्टीमुळे.

आपल्याकडे याची दुसरी बाजू आधीच रुजली आहे. पावसाचं पाणी जिरवणाऱ्याला मालमत्ता करात सूट देणाऱ्या महापालिका महाराष्ट्रात आहेत. पुण्यात अशी पाच टक्के सूट मिळते. जिरवणाऱ्याला सूट देता येते, तर वाहू देणाऱ्याकडून थोडं घेताही येईल. वरच्या उदाहरणात चौरस मीटरला वर्षाला पाच रुपये धरले, तर आगरवाल्याला साडेसातशे रुपये आणि लॉजवाल्याला चार हजार भरावे लागतील. लॉजवाल्याने पन्हळीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं, की त्याचाही आकडा उतरेल. वाढलेल्या गाड्यांचा भार पर्यटकाच्या खोलीभाड्यातून निघेल, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनमधून निघणार नाही.

श्रीवर्धनसाठी यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली पोफळीची आगरं आडवी केली. नवीन पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर जागा मोकळी, आणि मोकळ्या जागेवर बांधकामाचा डोळा. रोठा सुपारीचं आगर गावाचं पाणी जिरवतं, पण त्याबद्दल मालकाला आजवर कोणी एक पैसाही दिलेला नाही. पट्टीतली सवलत फार मोठी नसेल, पण आगर राखण्याला गावाच्या हिशेबात किंमत आहे, हे त्यातून पहिल्यांदा कागदावर येईल.

‘पैसे भलतीकडे जातील’ ही शंका रास्त आहे. म्हणून अटी घालाव्यात. या पट्टीचं खातं वेगळं असावं, त्यातून फक्त गटारं, जाळ्या, शोषखड्डे आणि टाक्यांचा उपसा व्हावा, आणि दरवर्षी पावसाआधी जमाखर्च नगरपरिषदेच्या फलकावर लागावा. नवा कर बसवायचा तर ठराव, नागरिकांच्या हरकती आणि शासनाची मंजुरी या पायऱ्या आहेतच. कठीण जागेचं माप स्वीकारायचं तर राज्य शासनालाही त्यासाठी नियमांत सोय करावी लागेल.

दर चार वर्षांनी नवी करआकारणी होते, तेव्हा आपण नोटीस हातात घेऊन ‘माझी पट्टी का वाढली’ एवढंच विचारायला जातो. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारू या : माझ्या अंगणातून किती पाणी बाहेर जातं, आणि ते स्वच्छ ठेवण्यासाठी या पट्टीतले किती रुपये खर्च होतात?