कर्दळीच्या खऱ्या पाकळ्या कोणत्या?

केळ, हळद, सोनटक्का आणि कर्दळ यांची पाने एकाच घडणीची: लांबरुंद, मधल्या शिरेपासून कडांकडे समांतर शिरा गेलेली. वनस्पतिशास्त्रात हे सगळे एकाच गणात येतात. या गणात 8 कुळे आहेत. मग त्यांतले कूळ ओळखायचे कसे? त्यासाठी पुंकेसर मोजावेत.

या गणातल्या फुलात मुळात 6 पुंकेसरांना जागा असते. केळीत साधारणपणे 5 असतात. आले-हळदीच्या कुळात परागकण देणारा एकच उरतो आणि कर्दळीत तर अर्धाच! परागकोश म्हणजे दोन खणांचा डबा धरला, तर कर्दळीकडे त्यातला एकच खण आहे. बाकीच्या पुंकेसरांतले बरेचसे पसरट, रंगीत झालेले असतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती हीच पाती. कर्दळीचे फूल उलटे धरून पाहा: देठाकडे तीन अरुंद, टोकदार पाकळ्या दिसतील. त्या खऱ्या. उमलू लागलेल्या कळीत एका पात्याच्या कडेला चिकटलेला परागकोशही सापडतो.

सोनटक्क्याची रचना मला याहून देखणी वाटते. त्याची रुंद पांढरी पातीही पुंकेसरांचीच रूपे आहेत. त्याचा बारीक कुक्षीवृंत परागकोशाच्या दोन खणांमधून वर येतो आणि टोकाशी हिरवट कुक्षी डोकावते.

फूल नसेल तर पान चुरगळून हुंगावे. आले-हळदीच्या कुळातल्या पानांना सहसा सुवास येतो, कर्दळीच्या पानाला येत नाही.