मूक तारामती : अण्णा साळुंके यांच्या स्त्रीभूमिकांविषयी

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, हे सर्वविदित आहे. रंगभूमीवरील स्त्रीपार्टाची प्रथा पडद्याने जशीच्या तशी उचलली, असा याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ अर्धाच खरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फाळके यांनी अभिनेत्रीचा पुष्कळ शोध केला. परंतु त्या व्यवसायास असलेल्या लोकापवादामुळे कोणी मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले. सडपातळ बांधा व नाजूक हात पाहून फाळक्यांनी त्यांना दरमहा पंधरा रुपयांवर नेमले, असे सांगतात. येथे निवडीचा निकष लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका प्रथम कानांनी ग्रहण केली जाई. गायन, स्वर आणि बोलण्याची लकब हे तिचे प्राण होते. साळुंके यांना आवाजाची परीक्षा द्यावीच लागली नाही.

भाषिक दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातून प्रकट होते. रंगमंचावरील नट ‘मी जाते’ म्हणतो, तेव्हा तो त्या प्रत्ययासह स्त्रीत्व स्वीकारतो. मूकपटाच्या पाटीवर तेच शब्द असले, तरी ते वाचतो प्रेक्षक. नट उच्चारीत नाही. स्त्रीत्व सिद्ध करण्याचे सारे ओझे मग केवळ देहावर पडते.

या मौनामुळेच ‘लंकादहन’ (१९१७) मधील विलक्षण प्रयोग शक्य झाला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. दोन कंठ लागले असते तर हे सुलभ नव्हते. उलट बाजूने, ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

परंतु ज्या मौनाने साळुंके यांना पडद्यावर आणले, त्यानेच स्त्रीपार्टाचा आधार काढून घेतला. स्वराचे आवरण गेल्यावर कॅमेऱ्यापुढे देह उघडा पडतो. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या होत्या. साळुंके पुढे छायालेखनाकडे वळले. त्यांच्या नावावरील चित्रपटांची यादी १९३१ च्या सुमारास संपते. रंगभूमीवर मात्र बालगंधर्वांची स्त्रीभूमिका त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

येथे एक आक्षेप संभवतो: बोलपटाने स्वर परत दिला, मग स्त्रीपार्ट का परतला नाही? बालगंधर्वांनी ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) मध्ये तो यत्न केला. स्वर तोच होता, तरी चित्रपट प्रेक्षकांना रुचला नाही. तोवर प्रेक्षकांची दृष्टी पडद्यावरील स्त्रीला सरावली होती. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती प्रथमच मराठीत बोलली, तेव्हा ती भूमिका दुर्गा खोटे यांची होती.

‘राजा हरिश्चंद्र’चा आज उपलब्ध असलेला अंश १९१३ चा की १९१७ च्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि साळुंके यांच्या कारकीर्दीला नाट्यपरंपरेचे केवळ परिशिष्ट मानणे योग्य नव्हे, एवढे निश्चित म्हणता येईल.