धारेचा पहिला पाठ

शाळेतील सुतारकामाच्या वर्गाचा विषय निघाला की पालकांच्या मुखातून प्रथम जो प्रश्न येतो तो मुलांच्या बोटांविषयीचा असतो, आणि तो गैर आहे असे मला कधीही वाटलेले नाही. परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती हत्यार द्यायचेच तर ते बोथट द्यावे, अशी जी समजूत त्या प्रश्नाच्या पोटात दडलेली असते, तिच्याइतकी घातक समजूत या विषयात दुसरी नाही. धारदार पटाशी लाकडात सहज उतरते, तिला हाताचा केवळ रोख पुरतो. बोथट पटाशीला खांद्याचा जोर द्यावा लागतो, आणि जोराने रेटलेले पाते लाकडावरून एकदा निसटले म्हणजे ते कोठे जाऊन थांबेल याचा अदमास रेटणाऱ्यालाही नसतो.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयस यांच्या प्रेरणेने १८६६ साली लोकशाळांत हस्तकौशल्य सक्तीचे झाले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले, १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांत सूतकताईच्या जोडीने सुतारकामालाही स्थान दिले, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारून हाताच्या कामातून शिक्षणाचा तोच विचार नव्याने मांडला.

माझे मन मात्र सर्वाधिक रमते ते स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग शहरानजीकच्या नेस येथे. ऑगस्ट अब्राहमसन या धनाढ्य व्यापाऱ्याने १८६८ साली तेथील मालमत्ता खरेदी केली, आणि त्याचा भाचा ओटो सॉलोमन याने पुढील दशकात त्याच जागी हस्तकौशल्य शिकविणाऱ्या शिक्षकांचे विद्यालय चालविले. 'स्लॉइड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मुलाच्या हाती पहिले हत्यार येई ते चाकू. खेड्यातील मुलाला चाकू घरचाच असतो, तेव्हा परिचिताकडून अपरिचिताकडे, सोप्याकडून कठिणाकडे जावे, हा सॉलोमनचा दंडक होता. आरंभी कुंडीतील रोपाला आधार देणारी काडी, पुढे कुऱ्हाडीचा दांडा, अशा चढत्या क्रमाने मुले जे जे करीत ते घरात वापरले जाई. त्याने शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात करवत चालविताना आणि रंधा मारताना पाय कोठे असावेत, पाठ किती वाकावी, हे चित्रांनी दाखविले आहे. ती चित्रे मी पुनःपुन्हा पाहतो, कारण सुरक्षिततेचा अखंड जाबता त्यांत आलेला आहे: ज्याचे पाय स्थिर आहेत त्याचा तोल हत्यार निसटले तरी जात नाही, आणि ज्याचे दोन्ही हात पात्याच्या मागे आहेत त्याच्या हाताला ते पाते लागणार कसे? भिंतीवर टांगलेली नियमांची पाटी मुले आठवड्याभरात पाहीनाशी होतात. उभे राहण्याची रीत अंगवळणी पडली की ती जन्मभर टिकते.

याच काळात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयातील व्हिक्टर डेला-व्हॉस याची निराळी पद्धत १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मांडली गेली व अमेरिकेत तिचा बोलबाला झाला. तीत वस्तू करावयाची नाही. सांधे तेवढे क्रमाने करावयाचे. अभियंते घडविण्यासाठी ती उत्तम असेल, पण शाळेतील मुलांसाठी मी निःसंशय सॉलोमनचा पक्ष घेतो. आपल्याकडेही 'जॉब' म्हणून केलेला सांधा गुण मिळताच अडगळीत जाताना मी पाहिला आहे; ज्या लाकडाचे पुढे काहीच व्हायचे नाही, त्यावर मूल जीव ओतून काम का करील?

कोकणातील एका तांत्रिक विद्यालयात मात्र मला निराळा शिरस्ता दिसला. नववीच्या मुलींची तुकडी होती, आणि निदेशकांनी तासाचा बहुतेक वेळ निसण्यावरच घालविला. प्रथम पटाशीची पाठ आरशासारखी सपाट करावयाची. मग पंचवीस अंशांचा उतार राखून, अगदी टोकाशी तो तीस अंशांवर आणावयाचा. घासता घासता पाठीच्या बाजूस बोटाला बारीक खरखरीत कड जाणवू लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली असे समजावे, आणि मग ती कड हलक्या हाताने उतरवावी. परीक्षा पांगाऱ्याच्या तुकड्यावर. पांगारा इतका मऊ की त्याच्या आडव्या कापावर खरी धारच चालते. एका मुलीने पात्याखालून पापुद्रा काढला, निदेशकांनी तो तुकडा उजेडात तिरपा धरला आणि तिला पांढुरके, विस्कटलेले तंतू दाखविले. "हे कापलं नाहीस, दाबलंस. परत निसण्यावर जा, बाळ." ती निमूटपणे गेली. दुसऱ्या खेपेस काप गुळगुळीत, किंचित चकचकीत आला, आणि तो तुकडा बाकाबाकांवरून फिरला.

यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. फिरत्या गिरमिटाजवळ मोकळे केस, सैल बाही, बांगडी अथवा मनगटाचा गंडा चालत नाही, आणि हातमोजे तर मुळीच नाहीत. हाताच्या रक्षणार्थ घातलेला मोजाच फिरत्या टोकात अडकून हात आत ओढतो. लाकूड शिकंजाने आवळल्यावाचून भोक पाडू नये, डोळ्यांवर चष्मा असावा. भुशाकडे मात्र आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला वैषम्य वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ मानवास कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तेव्हा काचकागदाचे काम उघड्या खिडकीशी, नाकाला पट्टी बांधून व्हावे आणि भुसा ओल्या फडक्याने टिपावा. जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य: तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते, ती घड्यांत कोंडते, आणि काडी न ओढताही चिंधी पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावी.

नव्याने असा वर्ग काढू इच्छिणाऱ्या मुख्याध्यापकांना माझे सांगणे एवढेच, की विद्युतयंत्रांसाठी मंजुरीची वाट पाहत बसू नये. मजबूत बाके, करवती, रंधे, गुण्ये, मोगऱ्या आणि पटाश्या एवढ्यावर दोन वर्षांचे काम सुखेनैव चालते. मात्र मी पाहिलेल्या कित्येक मागणीपत्रांत पटाश्यांची संख्या नेमकी लिहिलेली असते आणि निसण्याचा उल्लेखच नसतो. तो एक रकाना आधी भरावा, आणि चार मुलांमागे किमान एक निसणा मागावा.